आईला कुठे ठेवायचं

४ मार्च, मंगळवार

आज आईला उचलताना पाठीत कळ आली ती थेट टाचेपर्यंत गेली. दोघी पलंगाच्या कडेला तशाच अडकून बसलो – ती धड वर नाही, मी धड खाली नाही. आणि आई म्हणते, "हळू धर म्हटलं होतं मी." म्हणजे पाठ माझी गेली आणि चूकही माझीच.

डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड आता काही पूर्वीसारखं व्हायचं नाही, यांना एकटीने उचलू नका. मी विचारलं, मग कुणी उचलायचं? ते चिठ्ठी लिहायला लागले.

५ मार्च

साहेबाला फोन केला. साहेब म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी बूट घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव. आता खरंच साहेब झालाय, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. म्हणाला, "अगं अक्का, पण आई तर रविवारी म्हणाली छान चाललंय. आवाज किती खणखणीत होता तिचा."

असणारच खणखणीत. त्याचा फोन यायच्या आधी आई पाणी पिते, घसा साफ करते, मला उशा रचायला लावून ताठ बसते आणि "मजेत रे राजा" म्हणते. फोन ठेवला की मान माझ्याकडे वळते. पाय ठणकतोय, चहा पाणचट होता, पडदा नीट लावला नाहीस, ही उशी आहे की दगड. त्याच्या वाट्याला मजा आणि माझ्या वाट्याला उशी.

म्हटलं, आता आईसाठी जागा बघायला हवी, जिथे उचलायला दोन माणसं असतील. तो म्हणाला, "तू म्हणशील ते. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

विश्वास म्हणे. तिकडे बसून ठेवायला काय जातंय.

८ मार्च

वृद्धाश्रमांची नावं दोनच पुढे आली. एक हिरव्या फाटकाचं – जुनं, मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातून येता-जाता वाटेत पडतं. मावशी शेवटची वर्षं तिथेच होती. दुसरं दवाखान्यामागचं – नवं, सगळं काचेचं. तिथे भावजयीचे वडील होते.

म्हणजे दोन्हीकडे घरच्याच माणसांचा अनुभव आहे. परक्यांना विचारत बसायला नको. सोपं जायला हवं.

९ मार्च, रविवार

मावसबहिणीकडे जाऊन आले. मी विषय काढायचा अवकाश, ती म्हणाली, "वैऱ्यालासुद्धा पाठवू नकोस तिथे. आई तासन्‌तास ओल्यात पडलेली असायची. बेल अशी वर टांगून ठेवायचे की हातच पोचू नये. रोज रडायची गं माझ्यापाशी." डोळे पुसत सांगत होती. तरी चहा कपात बरोबर पडत होता, थेंबही बशीत नाही, हे मी बघून घेतलं. मी वाईट आहे.

परत येताना ठरवून टाकलं. हिरवं फाटक बाद.

१० मार्च

मावसभावाला फोन. हो, त्याच मावशीचा मुलगा, तिचा सख्खा भाऊ. म्हणतो, "देवमाणसं आहेत तिथली. आई म्हणायची, इथे माहेरी आल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, दादा, ताई तर काही वेगळंच सांगत होती. "तिचं काय घेऊन बसलीस? तिला स्वर्गात नेलं तरी तिथली गादी टोचेल."

मावशी गेल्यापासून हे बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाटायचं घराच्या वाटणीवरून असेल.

एकच खोली, एकच खाट, एकच बाई. आणि हे दोघं दोन वेगवेगळ्या बायकांबद्दल बोलावं तसे बोलतात. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. की दोघंही?

११ मार्च

दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होते. हे स्पष्ट दिसतं की आधीचं? निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, दोन्ही सारखंच. मग मीच एक ठरवते आणि तीच माणसं म्हणतात, हां, हेच, हेच.

मालक म्हणाले, "एवढा काय विचार करताय बाई? चार लोकांना विचारा."

चार लोकांना विचारलं म्हणून तर ही वेळ आली.

१३ मार्च

भावजयीचा फोन आला. साहेबाने करायला लावला असणार. "फार छान सोय होती हो बाबांची. इतकं स्वच्छ, इतकं स्वच्छ." मग हवापाण्याचं, मुलांच्या शाळेचं. आणि फोन ठेवता ठेवता, "कवळीचं तेवढं झालं होतं."

कसलं कवळीचं?

तिथे सगळ्यांच्या कवळ्या एकाच टबात धुवायचे. बाबांना कुणाची तरी दुसऱ्याचीच बसवली. हे कळलं कधी, तर बाबा गेल्यावर, सामान परत आलं तेव्हा. डबीत बाबांची कवळी कोरी करकरीत. मग इतके दिवस तोंडात कुणाची होती?

"पण ते काही बोलले नाहीत?"

"बोलणार कसे अक्का, तोंडात मावत नव्हती ना ती." आणि ती हसली. मलाही हसू आवरेना. दोघी बाया एका मेलेल्या माणसाच्या दातांवर हसत होतो. मग एकदम दोघींनाही लाज वाटली असावी, कारण फोन लगेच संपला.

आणि तरीही ती "छान सोय" म्हणते. दुसऱ्याच्या दातांनी चावून चावून गेला बिचारा, आणि सोय छान.

१५ मार्च

कुणाला न सांगता दोन्हीकडे जाऊन आले. मालकांना सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जातेय. दुसरं काही सुचेचना.

काचेचं – फरशीत तोंड दिसतं. बायका ओळीने खुर्च्यांवर बसलेल्या, सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले. मागून बघितलं तर कोण कुठली कळणार नाही. मी विचारलं तर तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "सोयीचं पडतं." कुणाला, ते विचारायचं धाडस झालं नाही. कुणाची काहीही तक्रार नव्हती. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि कुणी बघत नव्हतं. मी तिथे असेपर्यंत एकाही बाईच्या तोंडून एक अक्षर ऐकलं नाही.

हिरवं फाटक – जिन्यात फिनेलचा वास आणि त्याच्याखाली दुसरा वास. भिंतीचा रंग उडालेला. एक मदतनीस दोन आज्यांना एकदम भरवत होती, एक चमचा इकडे, एक तिकडे. तिसऱ्या आजी कोपऱ्यातून ठणाणा करत होत्या, सूप गार झालं, सूप गार झालं. ती मान न वळवता म्हणाली, "आले हो आजी. गार झालेलं काही पळून जात नाही." आजींनी तिला एक शिवी घातली. ती हसली. मी प्रत्येक खाटेजवळ बघितलं, बेल हाताशी होती. मावसबहिणीने भांडून भांडून खाली आणायला लावली असेल.

घरी आल्यावर आई म्हणाली, "इतका वेळ? माझी पाठ मोडली पडून पडून."

१६ मार्च, रविवार

आईला सांगून टाकलं. वाटलं होतं रडेल. रडली नाही. "माझी बहीण होती ते का?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, मावशीचं काही कळतच नाही. मुलीला सांगायची हाल आहेत आणि मुलाला सांगायची माहेर आहे. खरं काय होतं?

आई म्हणाली, "तो महिन्यातून एकदा यायचा, फळं घेऊन. पाहुण्याला कुणी घरातला ओला कोपरा दाखवतं का? ती पावडर लावून बसायची तो यायचा त्या दिवशी. आणि मुलगी रोजची, आतली. तिच्यापाशी बोलायचं नाही तर कुणापाशी?"

"मग ताई म्हणते तेच खरं."

"तुला काय करायचंय खरंखोटं? आधी ती उशी सारखी कर."

तेवढ्यात साहेबाचा फोन आला. मी उशा रचल्या. आई ताठ बसली.

१८ मार्च

ठरलं. हिरवं फाटक.

मावसबहीण ऐकेल तर माझं तोंड बघणार नाही. पण माझा हिशेब सरळ आहे. काचेच्या घरात माणसं गप्प होतात, ते मला नको. आई गप्प झाली की मला काय कळणार? हिरव्या फाटकात निदान ओरडता येतं. काही ना काही वाईट होणारच, कुठेही होणार. प्रश्न एवढाच की ते वेळेवर कळणार कुणाला. मला कळेल. दुकानातून येताना रोज जाईन. आई पाण्याचा थंडपणासुद्धा माझ्यापासून लपवत नाही, ती ओल्यात पडली तर पहिल्यांदा मला सांगेल. मग मी आहे आणि ते आहेत.

साहेबाला कळवलं. म्हणाला, "ग्रेट." 

२१ मार्च

सकाळपासून चालू होती. दूध लागलं होतं, खिडकीतून वारं येतं, मोजे उलटे घातलेस, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली. वर तिकडे न्यायचे कपडे पण माझेच धुवायचे, इस्त्री करायचे, प्रत्येकावर तिचं नाव टाकायचं. बोटात सुई गेली आणि माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "सगळं मलाच का? मी काय तक्रारपेटी आहे? कधीतरी त्या राजाला पण सांगत जा की. त्याला मजा आणि मला कटकट, जन्मभर हेच. वीट आलाय मला."

आई बघत राहिली. मग भिंतीकडे वळली. स्वतःहून वळता येत नाही म्हणणारी बाई, वळली.

संध्याकाळचा चहा बिनबोभाट प्यायली. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

२४ मार्च, सोमवार

सोडून आले. फाटकाशी टॅक्सीवाला म्हणाला, थांबू का? मी म्हटलं, कशाला.

घरी पलंग तसाच आहे. चादर काढायला हात गेला नाही.

२५ मार्च

मला वाटलं होतं, आज यादीच ऐकावी लागणार. तोंडपाठ तयारी करून गेले होते, कुणाशी कसं बोलायचं त्याची. आई खुर्चीत बसलेली, वेणी घातलेली. काय गं, कसं काय? "छान आहे."

जेवण? "छान." झोप? "लागते." उशी? "मऊ आहे." चहासुद्धा छान आहे म्हणे तिथला!

चाळीस माणसांच्या पातेल्यात उकळलेला तो काळा चहा मी प्यायलेय. तो छान. आणि मी वेलची कुटून, आलं किसून, पायाला भिंगरी लावून केलेला तो पाणचट. परतताना बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं. सुटले म्हणून की राग आला म्हणून, मलाच कळलं नाही.

२९ मार्च

आजही छान. मला म्हणाली, "रोज कशाला दगदग करतेस? तुझी पाठ आहे."

माझी पाठ! आठवली एकदाची.

३ एप्रिल

आता एक दिवसाआड जाते. आई नीटनेटकी असते, तोंडाला पावडर असते. हाताला जरा लागलंय कोपरावर, विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, खुर्ची घासली." मदतनीस सांगत होती, तुमच्या आईंचा आम्हाला काही त्रास नाही.

मला तरी कुठे उसंत मिळत होती इतकी वर्षं. मीच घरी ठेवून चुकले की काय? उगीच कुढत बसली असेल माझ्याजवळ.

मावसबहिणीला मुद्दाम फोन करून सांगितलं, ताई, आमचा अनुभव चांगला आहे. ती म्हणाली, "असू दे बाई." आणि ठेवलाच.

६ एप्रिल, रविवार

साहेबाशी बोलले. सगळं नीट सांगितलं, जेवण, झोप, वेणी. तो नुसता हं, हं करत होता. मध्येच म्हणाला, "तू परवा गेलीस तेव्हा काही बोलली का आई?" म्हटलं, बोलली की, छान आहे म्हणाली. "हं."

त्याला कशाचं काही नाही. आईची एवढी सोय लावून दिली, एका शब्दाने बरं केलंस म्हणाला नाही.

१२ एप्रिल

दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, वडिलांचा चष्मा दुरुस्त करून घ्यायला. बोलता बोलता कळलं, तोही जागा शोधतोय. हिरव्या फाटकाबद्दल उलटसुलट ऐकलंय म्हणाला, कुणाचं खरं मानायचं?

मी म्हटलं, माझी स्वतःची आई आहे तिथे. डोळे झाकून पाठवा.

२० एप्रिल, रविवार

साहेब आलाय. कुणाला न कळवता, विमानतळावरून थेट हिरव्या फाटकात. तिथून मला फोन केला. म्हणाला, आईचं सामान भरतोय, तू ये.

आई त्याला रोज फोन करत होती. पहिल्या दिवसापासून. मदतनिसीकडून फोन मागून घेऊन, हळू आवाजात, रडत. त्याने तिला विचारलं, मग अक्काला का नाही सांगत? तर म्हणाली, तिला नको, तिला वीट आलाय.

मी विचारलं, काय काय सांगत होती? त्याने सांगायला सुरुवात केली. बराच वेळ लागला.