बाळाच्या वतीने ‘हो’ म्हणण्याआधी

प्रिय मार्यून,

तुझं पत्र ग्रीनलंडमध्ये, नूकच्या बंदरात हाती पडलं. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचा धर्मपिता मी व्हावं, हे वाचून डेकवर एकटाच हसलो. ज्याने शाळा अर्ध्यावर टाकली, ज्याच्या पायाला भिंगरी, एका बोटीवर सहा महिने ज्याचं बूड टिकत नाही, तो? पण गंमत तेवढीच. चर्चमध्ये पाळक विचारणार, ‘देवावर विश्वास आहे?’ आणि बाळाच्या वतीने सगळ्या गावासमोर मला ‘हो’ म्हणावं लागणार. तिथेच माझं गाडं अडलंय.

आपला भाऊ हनुस त्या बर्फगार समुद्रात बुडाला तेव्हापासून माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. बोट धक्का सोडते, सगळे टोप्या काढून मान खाली घालतात, ज्याचं त्याने मनात बोलायचं. बाबांनीच शिकवलं आपल्याला. त्या सकाळी हनुसनेही टोपी काढली होती, मी धक्क्यावरून पाहिलं. तरी त्याचं काय झालं? तेव्हापासून मी टोपी काढतो, मनात वीस मोजतो, टोपी घालतो. कोणाला पत्ता नाही, असं वाटत होतं.

परवा धक्क्यावर गळांना आमिष लावत होतो. शेजारी आमच्या बोटीवरचा म्हातारा दान्यल. तो मान वर न करताच म्हणाला, “तुझं फार लवकर उरकतं रे. विसातच.” मी चपापलो. “तुम्हाला कसं कळलं?” “ओठ हलतात की तुझे, गाढवा!” मग पुढचा गळ उचलत म्हणाला, “माझा पोरगा गेला, तेव्हा मी चाळीस मोजायचो. चार वर्षं.” मी विचारलं, “मग देव भेटला परत?” “कसला भेटतो! एक दिवस मोजता मोजता त्याला शिव्या द्यायला लागलो. आणि मग वाटलं, आयला, समोर कोणी नाही तर मी भांडतोय कोणाशी? आता हाताकडे बघ, गळ घुसेल बोटात.”

काल नूक सोडलं तेव्हा मी मोजलं नाही. ‘हनुसला का नेलंस?’ एवढंच विचारलं, पुन्हा पुन्हा. उत्तर आलं नाही, खोटं कशाला सांगू. भानावर आलो तर सगळे कामाला लागलेले आणि दान्यल ओरडत होता, “संत महाराज, कॉफी गार झाली तुमची!”

हे सगळं लिहिण्याचं कारण तुझ्या पत्राची शेवटची ओळ. बाळाचं नाव हनुस ठेवणार, हे वाचल्यावर पत्र चार दिवस खिशातच ठेवलं. पक्क्या विश्वासाचा माणूस हवा असेल तर तुझ्या दिराला विचार, मला राग नाही. पण देवाशी भांडणारा, तरी त्याचं दार न सोडलेला चालणार असेल, तर बाप्तिस्मा जूनच्या पहिल्या रविवारी ठेव, आमची बोट त्याआधीच्या गुरुवारी घरी पोचते. ‘हो’ मी म्हणेन. हळू म्हणेन, पण ते खोटं नसेल. फक्त पाळकांना एक सांग. त्या नावावर तीनदा पाणी ओततील, ते जरा कोमट करून घ्या म्हणावं.

तुझाच, वाट बघत असलेला,
रोई