झषासुर ऊर्फ निवटा

७ जानेवारी २००७, रविवार. सकाळी ९
नवी वही. संकल्प: १) रोज लिहिणे. २) खेळताना कोणावर ओरडायचं नाही. ३) विनाकारण कोणाचं पात्र मारायचं नाही. कारण असेल तर प्रश्नच नाही.

ही वही फक्त माझ्यासाठी. तरी पुढेमागे कोणाच्या हाती लागलीच तर नोंद असावी: आमच्या घरी दर रविवारी चार वाजता गेम असतो. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची. प्रत्येकाचा एक योद्धा. लढाई फाशांवर. मी गेममास्टर. म्हणजे योद्धे सोडून बाकी सगळं जग मी. भिवंडीत दुसरा गेममास्टर नाही. (चौकशी केलेली नाही. गरज वाटली नाही.)

आज इतिहास घडणार. झषासुर येणार. मासळीचं डोकं, माणसाचं धड, खवले, भाले. खाडीतून चालत येणारी क्रूर जमात. बेचाळीस पानं लिहिली आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
प्रचंड यश. थोडे गैरसमज.

मी झषासुरांचं वर्णन वाचलं. सुळसुळीत अंग, वर आलेले डोळे, चिखलावर सरपटणं.  मग माझा शाळेपासूनचा मित्र प्रितेश म्हणाला, ‘आरं, हा त निवटा हाय!’ त्याचा धाकटा भाऊ सार्थक इतका हसला की फासा कपाटाखाली गेला. निवटा म्हणजे त्यांच्या काल्हेर गावच्या खाडीत ओहोटीला चिखलावर उड्या मारतो तो मासा. कालवण चांगलं होतं म्हणे. बेचाळीस पानांचं कालवण!

विनिता ही त्यांची चुलत बहीण, शाळेत गणित शिकवते. तिने विचारलं, यांची बायकापोरं कुठे असतात? म्हटलं, नसतात. मग हे येतात कुठून, म्हणाली. मी फासा टाकला. तिच्या योद्ध्याला भाला लागला.

मग तिघांनी झषासुरांशी बोलायचं ठरवलं. झषासुरांना भाषा नाही, असा नियम आहे. (तेव्हाच केला.) साडेपाचला तिघंही मेले. ओरडलो एकदाच.

जाताना सार्थकने झषासुरांची वही मागून नेली. अभ्यास करायचाय म्हणाला. याला म्हणतात भक्ती.

१४ जानेवारी, रविवार
गेम रद्द. संक्रांत. प्रितेशचा फोन आला, घरी पाहुणे आहेत. समजू शकतो.

२१ जानेवारी, रविवार
गेम रद्द. काल्हेरला कोणाची तरी हळद. आगरी हळद म्हणजे अख्खं गाव लागतं. मोकळ्या वेळात झषासुरांना विषारी शेपटी दिली.

२८ जानेवारी, रविवार
परत हळद. या महिन्यात काल्हेरात लग्नं फार. चारला टेबल मांडून बसलो. आईने विचारलं, कोणी येणार आहे का? म्हटलं, तयारी चालू आहे. तिने टेबलावर मेथी निवडायला घेतली.

३० जानेवारी, मंगळवार
आज ऑफिसातून येताना बाजारात पुतळाबाई भेटल्या. प्रितेशची आई. म्हणाल्या, ‘शनवारी तू का न्हाय आलास? सगली आलेली. तुझं ते निवट्याचं खेलत व्हती. हसून हसून घर डोक्यावर घेतलं.’

मी म्हणालो, काम होतं.

‘गेल्या शनवारी पन न्हाय आलास,’ म्हणाल्या. ‘त्याच्या आधी पन. विनिता खेलवते सगल्यांना.’

तीन शनिवार. माझ्या वहीवर. गेममास्टर विनिता!

३१ जानेवारी, बुधवार
प्रितेशला पत्र लिहिलं. ‘विश्वासघात’ चार वेळा आला. एक खोडला. सहावीत शाळेच्या मागच्या पायरीवर पहिला राक्षस आम्ही दोघांनी मिळून काढला होता. शिंगं त्याची, दात माझे. तेही लिहिलं. मग ते वाक्य जरा रडकं वाटलं, खोडलं. मग परत लिहिलं.

१ फेब्रुवारी, गुरुवार
पत्र टाकलं नाही. फोन केला. हळद कोणाची होती, विचारलं.  प्रितेश म्हणाला, ‘सुश्रुत, तू शनवारी ये ना. आम्ही नको म्हनलो काय?’

म्हटलं, या म्हणालात कधी?

 मी फोन ठेवला. फार कडक ठेवला. त्याला कळलं असेल.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
निर्णय: उद्या काल्हेरला जायचं. वही परत घ्यायची. पाणीसुद्धा प्यायचं नाही. फक्त तीन वाक्यं बोलायची. पाठ केली आहेत.

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
काल गेलो. पुतळाबाईंनी पाणी दिलं, प्यायलो. पुरणपोळी दिली, तीही.

टेबलावर मोठा नकाशा. माझे झषासुर. त्यांचा बाजार, त्यांची विहीर, त्यांची शाळा. त्यांना बायका आहेत. त्या नवऱ्यांशी भांडतात. भाषा आहे. आगरी बोलतात. विषारी शेपटीबद्दल मी काही बोललो नाही.

मी पहिलं वाक्य म्हणालो: तुम्ही माझा विश्वासघात केलात. दुसरं आठवेना.

विनिता म्हणाली, ‘खोटं बोललो, ते चुकलंच. पण सुश्रुत, तुझ्याकडे आम्ही दर रविवारी मरायला यायचो रे. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.’ प्रितेश नकाशाकडेच बघत होता. मग त्याने पायाने एक खुर्ची पुढे ढकलली.

बसलो. फक्त वही मिळेपर्यंत.

विनिता म्हणाली, तूही खेळायला एक निवटा घे, त्याचं नाव सांग. बेचाळीस पानांत मी एकालाही नाव दिलं नव्हतं.  म्हटलं, सुश्रुत लिही.

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. सार्थक म्हणाला, दादा, ते नाव गेलं. सुश्रुत नावाचा एक निवटा आधीच आहे. बाजाराच्या तोंडावर उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला नियम सांगतो. कोणी ऐकत नाही.

मी विचारलं, मग अजून मारला कसा नाही त्याला?

सार्थक म्हणाला, ‘आसूं दे. आपलाच हाय.’

ही नोंद तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्ही नोंदींत मी त्यावर सडेतोड उत्तर दिलं होतं, आणि वही घेऊन उठलो होतो.