खांदा हलला की

सोमवार, ३
आजपासून एमआरआयच्या खोलीत कामाला लागले. खेळाडू येतात, त्यांच्या अंगावरचं लोखंड उतरवायचं, निळा डगला चढवायचा. मशीनवाला दादा खांदा साच्यात बसवतो. मधेच कुणी हललं की मी आत जाऊन तो पुन्हा दाबून बसवायचा. दादाला म्हटलं, नवऱ्यानं जन्मभर ऐकलं नाही, आणि इथं धट्टेकट्टे गडी मी सांगेन तसे गप पडून राहतात. हसता हसता त्याला चहाचा ठसका लागला.

गुरुवार, ६
दादानं पडद्यावर दाखवलं. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी काळी दिसते. तुटली की मधे पाणी भरतं, ते पांढरं चमकतं. म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईला डॉक्टर करतोस की काय.
माझी लेक भाला फेकते. खेळाच्या सराव-छावणीत असते. तिचाही खांदा दुखतोय आणि वीसला निवड आहे. दादा म्हणाला, चौदाला आणा.

मंगळवार, ११
एक पोहणारी आली. पहिल्या चित्रात दोरी अख्खी. ती हलली, म्हणून मी जाऊन खांदा बसवला, चिडवलंही, इथं पाणी नाही गं बाई, पोहू नकोस. पुढच्या चित्रात मधोमध पांढरं. दादा म्हणाला, मशीनची चूक असेल.
डॉक्टर म्हणाले, तुटलीय. पोर भिंतीकडे तोंड करून बसली.

बुधवार, १२
दादाकडून जुनी चित्रं काढून घेतली. ज्यांना मी पुन्हा बसवलं, ते सहाही जण. आधी अख्खी, मग तुटलेली.
दुपारी हातमोजे घालून एका पैलवानाच्या खांद्यावर नुसतं थोपटलं. तेच.
झाडूवाली मावशी सांगत होती, या कामावरची आधीची बाई हात काखेत दाबूनच निघून गेली. नातवाला अजून उचलून घेत नाही म्हणे.

शुक्रवार, १४
लेक आली. गळ्यात पडायला धावली, मी मागे सरले. दादानं बसवलं तिला. मी दाराशी, हात पाठीमागे. आतून हाका मारत होती, आई, भीती वाटतेय, जवळ ये. नाही गेले.
दोरी अख्खी. नुसती सूज. काळीभोर, किती छान दिसत होती.
बाहेर येऊन म्हणाली, परकी बाईसुद्धा जवळ आली असती.

रविवार, १६
लेक घरीच आहे, पण बोलत नाही. बाप गेला तेव्हा सात वर्षांची होती, माझा हात अंगावर असल्याशिवाय झोपायची नाही.
आज सगळं सांगितलं. म्हणाली, आई, थट्टा पुरे. जन्मभर थट्टाच केली मी — आता खरं कोण मानणार.

बुधवार, १९
दुपारी निघतेय ती. हात टॉवेलात गुंडाळून बसलेय, लिहिण्यापुरती बोटं बाहेर.
रडतेय आत. म्हणतेय, एकदा पाठीवरून हात फिरव, मग जाते.
नाही म्हटलं. दोनदा.
आली — मागून मिठी मारली — टॉवेल ओढतेय — सोड गं सोने, सोड — माझा हात उचलून स्वतःच्या खां