नथूच्या कानांची परीक्षा

सोम. ९ जाने. १९३९, प्रकाशा
रस्ता दाबणारा वाफेवरचा रूळ आज पुन्हा दाराशी. कपबश्या फळीवर नाचतात. चालवणारा नथू बॉयलरसाठी माझ्या विहिरीचे पाणी नेतो. मुलींची शाळा सोडून पेन्शन घेतल्यापासून या दारात रोज येणारा हा एकच माणूस. आणि त्याला माझे बोलणे ऐकू येत नाही.

शुक्र. १३
नथूला चहा दिला. निम्मा सदऱ्यावर. रूळ तासभर बंद होता, तरी हात थरथरत होते. म्हणाला, "बाई, इंजिन बंद शे, पन मन्हा डोकामा चालूच ऱ्हास." बसायला नुसता लोखंडी पत्रा! रस्तेखात्याचे साहेब मात्र मोटारीत गादीवर.

रवि. १५
सावरीच्या कापसाची उशी शिवून दिली. "बाई, आते मी साहेब दिसस का?"
साहेबांना अर्जही धाडला, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. आसनाखाली स्प्रिंग द्या, पाळीला दुसरा माणूस द्या. जोर यावा म्हणून लिहिले, की याला आता जवळजवळ ऐकूच येत नाही.

शनि. २८
उत्तर आले. स्प्रिंगचे नाव नाही. बहिरा माणूस रुळावर चालणार नाही. सोमवारी पाठीमागून शिट्टी वाजवून तपासू. नापास, तर कामावरून कमी.
मूर्ख बाई! त्याने वर्षभर लपवले ते मी सुवाच्य अक्षरात कळवले.
नथूला कानाशी ओरडून सांगितले. रागावला नाही, तेच वाईट. "मंग आते काय करसूत, बाई?"
ठरले. तपासणी दारापुढेच आहे. मी समोर ओट्यावर बसायचे. शिट्टी ऐकली की छत्री उघडायची, त्याने हात वर करायचा. परीक्षेत खुणा करणाऱ्या मुलींना मी दिवसभर बाकावर उभे करीत असे.

सोम. ३०
इंजिन बंद. शिट्टी, छत्री, हात. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी साहेबांनी शिट्टी ओठांना लावली आणि मला धीर धरवला नाही. छत्री उघडली. नथूचा हात वर.
शिट्टी वाजलीच नव्हती.
साहेबांनी माझ्याकडे पाहिले. वहीत काहीतरी लिहिले. गेले.
नथू उशी काखेत मारून ओट्याशी आला. "पास व्हयनू ना, बाई?"
छत्री हातात उघडीच राहिली होती. ती पाहून त्याने हसत पुन्हा हात वर केला.