माझ्यामागून म्हणा

ता. १४, गुरुवार, सकाळ

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा खुर्चीतूनच मानून घे. दाजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळं बरं चाललंय. अक्षर वेडंवाकडं दिसेल, पेन नवीन आहे.

दीड महिना झाला, तू फोन केला नाहीस, मीही नाही. अबोला धरावा तर आपल्या घरातल्यांनीच! असो. आधी वर्गाची बातमी देतो. वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी सहाचा माझा इंग्रजीचा वर्ग अजून भरतो. व्याकरणाचं पुस्तक मी कधीच माळ्यावर टाकलं. ही मंडळी दिवसभर राबून येतात, त्यांना गिऱ्हाइकाशी, साहेबाशी चार शब्द धड बोलता यायला हवेत. म्हणून आधी जिभेचा व्यायाम, मग तरण्या पोरांच्या तोंडची चालू इंग्रजी वाक्यं. "रेड लॉरी, यलो लॉरी" दहा वेळा न अडखळता म्हणायचं. आमच्या वर्गातला लॉरीवाला सगळ्यांत आधी अडखळतो. म्हणतो, "सर, वीस वर्षं चालवतोय, पण म्हणता येत नाही!" शिंपीणबाई दिसेल त्याला "व्हॉट्स अप, ब्रो" म्हणतात. परवा सासऱ्यांनाही म्हणाल्या. त्यांनी आशीर्वाद दिला म्हणे.

वर्गाचा नियम एकच. मी म्हणेन ते, म्हणेन तस्संच, माझ्यामागून म्हणायचं. शंका नंतर.

आता त्या मंगळवारचं सांगतो. ताई, पाणी पिऊन वाच.

साडेपाचला तुझा फोन आला तेव्हा मी वर्गाला निघत होतो. माझे शब्द एकमेकांत गुंतायला लागले. तू दोनदा "काय?" विचारलंस आणि मग म्हणालीस, "दिवसाढवळ्या प्यायलास? शेवटी बाबांच्याच वळणावर गेलास ना!" आणि फोन ठेवलास. मला फार झोंबलं. आयुष्यात थेंबाला शिवलो नाही मी. त्याच तिरमिरीत जिना चढून वर्गात गेलो.

फळ्यापाशी उभा राहून म्हटलं, "रेड लॉरी, यलो लॉरी." तोंडातून निघालं ते "वेव वोवी" असलं काहीतरी. आणि वीसच्या वीस जणांनी, नियमाप्रमाणे, एका सुरात म्हटलं, "वेव वोवी!" मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. कोणी हसलं नाही गं, दोघंतिघं तर वहीत उतरवून घेत होते. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मावशी उठल्या. त्या दवाखान्यात आयाचं काम करतात. ओरडल्या, "गप बसा सगळे! सरांचं तोंड वाकडं झालंय." लॉरीवाल्याने मला उचललं आणि लॉरीत घातलं. लाल होती की पिवळी, देव जाणे.

अर्धांगाचा झटका होता, सौम्य. वेळेत पोचलो म्हणून वाचलो. उजव्या हाताला अजून मुंग्या येतात, पेन जुनंच आहे. जीभ लडखडते. दुसऱ्या दिवशी लॉरीवाला खाटेपाशी बसून म्हणाला, "हँग इन देअर, सर." म्हणजे धीर सोडू नका. शिकवलेलं वाक्य त्याने पहिल्यांदाच जागच्या जागी वापरलं होतं. शाबासकी द्यायची सोडून मी ढसाढसा रडलो.

हल्ली वर्गात मावशी म्हणतात आणि मी त्यांच्यामागून म्हणतो. गुरूची विद्या गुरूला. चुकलो की शिंपीणबाई "नो वरीज, ब्रो" म्हणून पाठ थोपटतात.

तुला कळवलं नाही, कारण झटका आला तो नेमका तुझ्याशी बोलताना. हे कळलं की तू मनाला लावून घेणार, झुरत बसणार. त्यापेक्षा ताईने मला दारुडा समजलेलं परवडलं, असं वाटलं. नाही परवडत, ताई. फार आठवण येते तुझी. बाबांच्या पिण्यापायी तू काय काय सोसलंस ते मी पाहिलंय. तुझ्या जागी मीही तेच समजलो असतो. तुझा काही दोष नाही. हे वाक्य दोनदा वाच.

रविवारी सकाळी फोन कर. "ताई" एवढं मला आता नीट म्हणता येतं, पुढचे शब्द जुळवायला वेळ लागतो. मध्ये काहीच ऐकू आलं नाही तरी फोन ठेवू नकोस.

तुझ्या पाठचा,
पूर्ण शुद्धीतला
भाऊ