शाही शामियाना वाळवायचा आहे

१८ जून २००६, अचलपूर
सीझनचं शेवटचं लग्न आटोपलं. वरातीसोबत पाऊसही आला. आपला शाही शामियाना ओलाचिंब. वच्छला म्हणाली, घडी घालण्याआधी वाळवा, बुरशी धरेल. बायकोला प्रत्येक कापड लुगडंच वाटतं. घडी करून गोडाऊनमध्ये टाकला. उद्या वाळवू.

३ जुलै
आज वाळवायचं फायनल होतं. पाऊस. निसर्गापुढे इलाज नाही.

९ जुलै
कडक ऊन. पण रविवार.

२१ जुलै
जैनुद्दीनभाई भेटले. त्यांचाही मंडपाचाच धंदा. म्हणाले, आमच्या गच्चीवर पत्र्याचं छप्पर आहे, कापड तिथं टांगा. मी म्हटलं, आमची सिस्टीम वेगळी आहे. सिस्टीम संध्याकाळी ठरवली : डांबरगोळ्या.

१५ सप्टेंबर
गोडाऊन उघडलं. कापडावर काळे ठिपके. बुरशी नव्हे, प्रिंटच असावी, आधी लक्षात आली नव्हती. वच्छला नाकाला पदर लावून बाहेर उभी. तिला सर्दी झालेली दिसते.

१८ सप्टेंबर
सायंटिफिक पद्धतीने काम. ब्लीचिंग पावडर सढळ हाताने, वर ब्रश. लाल रंग हौदात उतरला, ठिपके जागच्या जागी. आता गुलाबी शामियाना म्हणायचं. तासभर वाळला, मग आभाळ आलं. तसाच आत.

१० नोव्हेंबर
भातकुलीहून सूर्यभानभाऊ आले. शाळेपासूनचे दोस्त. कापसाने सलग दगा दिला म्हणून गावाने सामूहिक विवाह ठरवलाय, त्यात यांची लेक प्रणालीही. कमिटीला दुसरा मंडपवाला पाहिजे होता. हे माझ्यासाठी भांडले. यंदाची एकुलती ऑर्डर! वच्छलाने त्यांना गोडाऊन दाखवायचं काढलं. मी चहावर भागवलं.

१० डिसेंबर, भातकुली
मंडप दिमाखात उभा. थोडा वास होता, अगरबत्त्या लावल्या. वास वाढला. मंगलाष्टकं सुरू असताना वारा सुटला आणि शामियाना मधोमध फाटून नवरदेवांवर बसला. कुणाला लागलं नाही. कमिटीला सांगितलं, हल्ली ओपन एअरची फॅशन आहे. कमिटीने ऐकून घेतलं नाही. कापड हाताने फाटत होतं, कागदासारखं. प्रणाली डोक्यावरची चिंधी काढत म्हणाली, "राहू द्या काका. थंडीचं ऊन बरं वाटून राहिलं."
गुणी पोरगी. बाप मात्र पंगतीपर्यंत चिंध्या गोळा करत होता. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुह्यासाठी साऱ्या गावाशी भांडलो मी. आता त्याइले काय सांगू?"
उत्तर माझ्याकडे होतं. पण तो वाढायला निघून गेला.

१३ डिसेंबर
सूर्यभानभाऊंचा निरोप : फाटका शामियाना बैलांच्या वैरणीचं कुटार झाकायला द्या. म्हणजे राग गेला. मैत्री याला म्हणतात. लगेच पाठवला.

२० डिसेंबर
शामियाना परत आला. त्याखालचं कुटार बैल तोंडातही धरत नाहीत म्हणे. जनावरांना काय कळतं, असं मी म्हटलं. वच्छला हसली नाही. दुपारी तिने जैनुद्दीनभाईंना चहाला बोलावलं. आपलं गोडाऊन त्यांना भाड्याने द्यायचं बोलणं झालं. पुढच्या महिन्यापासून.
मीही तिथेच बसलो होतो. मला कुणी काही विचारलं नाही.