दादांचा उलटा सिनेमा

८ जानेवारी १९८४
आजपासून फिल्ममेकर. ऑफिसातला कारकून फक्त पोटापुरता. माझा मित्र रंगनाथने दुबईहून आणलेला कॅमेरा तो परत जाईपर्यंत माझ्याकडे. रिळं तीनच, पण पुरतील. स्टोरी: म्हातारा गवंडी मरतो. मग सिनेमा मागे मागे जातो. शेवटी तो तरणाताठा शिडी चढतो. अख्ख्या नाशकात असं कुणी केलेलं नाही. गवंडी आमचे वडील, दादाच. जन्मभर तेच काम केलंय, ॲक्टिंग शिकवायला नको.

१५ जानेवारी
पहिला सीन मरणाचा. आईने पांढरी चादर द्यायला नकार दिला. जित्या माणसाला असं निजवू नको म्हणाली. तिला आर्ट कळत नाही. दादांनी स्वतःच चादर काढली नि आडवे झाले. मधेच खोकले. टेक वाया.

२२ जानेवारी
पुन्हा मरण. व्हिज्युअल स्टाइल हवी. खाटेखालून, मच्छरदाणीतून, पत्रा सरकवून वरून. दुसरं रीळ संपलं. दादांना विचारलं, थकलात का? म्हणाले, "झोपायचंच तर काम हाय."

२६ जानेवारी, सुटी
अडचण. सिनेमात दादा दर सीनला तरुण व्हायला हवेत. ते वाळत चाललेत. सदरा खांद्यावरून ओघळतो. विमल म्हणाली, सून असून मला दिसतं, तुम्हाला दिसत नाही का? दादांच्या छातीचा एक्स-रे पुढच्या आठवड्यात नक्की काढू. तिरपं ऊन फार सुंदर होतं, म्हणून मरणाचा क्लोजअप घेऊन टाकला.

३ फेब्रुवारी
विमलच दादांना डॉक्टरकडे घेऊन गेली. आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. आईही काही सांगत नाही. मीही विचारलं नाही. डायरेक्टरने मन शांत ठेवावं. तरुणपण दादा सुधारल्यावर घेऊ.

१२ फेब्रुवारी
सकाळी दादा आपणहून अंगणात आले. शिडी भिंतीला लावली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. म्हणाले, "घे आता." आभाळ आलं होतं. फ्लॅट लाइट. म्हटलं, पुढच्या रविवारी. ते थोडा वेळ शिडी धरून उभे राहिले, मग आत गेले. उरलेल्या रिळात रिकामी खाट घेतली. प्रतीक म्हणून.

१९ फेब्रुवारी
दादा गेले. पहाटे.

१८ मार्च
रिळं मुंबईहून धुऊन आली. रंगनाथने जाण्याआधी भिंतीवर दाखवली. फोकस उत्तम. आई पुढे बसली होती. संपल्यावर म्हणाली, "चालतानाचे कुठं हायेत?"
रंगनाथला रिळं उलटी चालवायला सांगितली. उलटी चालवली तरी दादा निजलेलेच.